खडकाची चुंबकीय वीण: बेळगाव, खानापूर, रामदुर्ग भागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खडकातले कण कसे मांडलेत हे चुंबकीय मोजमापाने वाचायचं आणि त्यावरून जुने पर्वत कसे दाबले गेले ते शोधायचं, हे आमचं काम. त्याबद्दलचे हे प्रश्न दोन प्रकारच्या लोकांकडून येतात. एक म्हणजे भूशास्त्र घेऊन बी.एस्सी., एम.एस्सी. करणारी सीमाभागातली मुलं. दुसरे, ज्यांच्या बांधावर, खाणीत किंवा नाल्यात आम्ही ड्रिल घेऊन उभे राहतो ते. दोघांची उत्तरं मुद्दाम एकाच पानावर ठेवली आहेत, कारण बांधावरचे प्रश्न बरेचदा परीक्षेतल्या प्रश्नांपेक्षा अवघड असतात.

काय ओ सर, या दगडाला चुंबक तर चिकटत नाही. मग त्यात चुंबकीय काय मोजता?

चिकटणं हा फार जाडाभरडा निकष झाला. कुठलाही खडक चुंबकीय क्षेत्रात ठेवला की थोडाफार प्रतिसाद देतोच. किती देतो त्याला ससेप्टिबिलिटी म्हणतात, म्हणजे चुंबकीय ग्रहणक्षमता. मॅग्नेटाइटसारखं खनिज भरपूर प्रतिसाद देतं. काळा अभ्रक म्हणजे बायोटाइट, हिरवट क्लोराइट ही लोहयुक्त खनिजं माफक देतात. शुद्ध क्वार्ट्झ आणि कॅल्साइट उलट दिशेने, अगदी नाममात्र देतात. क्वार्ट्झचा आकडा साधारण उणे १४ मायक्रो एसआय (म्हणजे एसआय मापाचे दशलक्षांश), तर आपल्याकडच्या काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा, हजारोंच्या घरात. हाताला कळत नाही इतका हा फरक यंत्राला सहज कळतो.

पण आमचं काम प्रतिसाद किती यापेक्षा तो कुठल्या दिशेला जास्त आणि कुठल्या दिशेला कमी यावर चालतं. एकच दगड उत्तर-दक्षिण धरून मोजला आणि पूर्व-पश्चिम धरून मोजला तर आकडा किंचित बदलतो. कारण आतले कण एका अंगाला लागलेले असतात. अभ्रकाचे पत्रे एका पातळीत आडवे झालेले, मॅग्नेटाइटचे लांबट दाणे एका रेषेत वळलेले. कणांच्या या मांडणीला चुंबकीय वीण म्हणायचं आणि दिशेनुसार ग्रहणक्षमता मोजण्याच्या पद्धतीला सगळे एएमएस (ॲनिसोट्रॉपी ऑफ मॅग्नेटिक ससेप्टिबिलिटी) म्हणतात.

ही वीण कागदावर कशी दाखवतात?

तीन आकड्यांनी आणि तीन दिशांनी. सगळ्यात जास्त ग्रहणक्षमतेची दिशा के१, मधली के२, सगळ्यात कमी के३. तिन्ही एकमेकींना काटकोनात. या तीन लांबींचा जो लंबगोल होतो, तो त्या खडकाचा चुंबकीय लंबगोल. उकडलेला बटाटा तळहाताने दाबला तर चपटा होतो आणि दोन तळहातांत वळला तर लांबुळका होतो. खडकाचंही थेट तसंच. चपटा लंबगोल असेल तर के१ आणि के२ जवळपास सारखे, के३ एकटा लहान. लांबुळका असेल तर के१ एकटा मोठा.

के१ भागिले के३ याला पी म्हणतात, वीण किती घट्ट याचं ते माप. आकार चपटा की लांबुळका हे टी सांगतो: उणे १ म्हणजे पूर्ण लांबुळका, अधिक १ म्हणजे पूर्ण चपटा. ही टीची मांडणी व्हिट येलिनेक या चेक शास्त्रज्ञाने १९८१ साली रूढ केली. प्रत्येक शोधनिबंधात पी आणि टीचा आलेख दिसतो तो तिथून आला.

पुराचुंबकत्व म्हणजेच हे का?

नाही. परीक्षेत हा घोळ दरवर्षी होतो. पुराचुंबकत्वात खडकाने जपून ठेवलेली जुन्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची खूण वाचतात. भारतीय उपखंड दक्षिणेकडून सरकत आला हे त्यातून कळलं. एएमएसमध्ये जुन्या क्षेत्राशी काही देणंघेणं नाही. आपण आत्ता, प्रयोगशाळेत, स्वतःचं हलकं क्षेत्र लावतो आणि कण कसे मांडले आहेत ते बघतो. नमुना मात्र दोन्हींसाठी एकच चालतो, ही सोय.

बेळगावात कसला आलाय पर्वत? सह्याद्री म्हणताय का?

सह्याद्री आमच्या कामाच्या दृष्टीने पर्वतच नाही. रागावू नका. आंबोली-चोर्ल्याच्या कड्यावर उभं राहून बघा, बेसाल्टचे थर वहीची पानं ठेवावीत तसे आडवे पडलेले दिसतात. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकावर एक पसरला, नंतर पश्चिमेची बाजू झिजत मागे सरली आणि कडा उरला. दोन बाजूंनी दाबून खडकाच्या घड्या पडल्या असं इथे घडलेलं नाही. हिमालय, आल्प्स, पिरेनीज हे घड्यांचे पर्वत.

आपल्याकडच्या घड्यांच्या पर्वताचं डोकं कधीच झिजून गेलं, पायथ्याचे मुळखंड तेवढे उरलेत. ते बघायला खानापूरच्या दक्षिणेला लोंढा, अळणावर, जोयड्याच्या अंगाला जावं लागतं. तिथले फायलाइट (दाबाने पत्रेदार झालेला चिखलदगड) आणि ग्रेवॅक (मातकट वाळूचा दगड) हे धारवाड समूहाचे खडक. ढोबळपणे २.९ ते २.५ अब्ज वर्षांपूर्वीचे. थर उभे, मुरडलेले, वर जंगल आणि जांभा. वरून बघितलं तर सपाट भातशेती, आणि खाली उभा केलेला पत्त्यांचा जोड. रेल्वेच्या कटिंगमध्ये किंवा मे महिन्यात आटलेल्या ओढ्यात तो उघडा पडतो.

दुसरी जागा पूर्वेला, रामदुर्ग-सौंदत्तीकडे. कलादगी खोऱ्यातला खालचा बागलकोट गट घड्या पडलेला आहे, घड्यांचे आस साधारण पूर्व-पश्चिम. त्याच्यावर बदामी गटाचे वाळूचे दगड जवळपास आडवे बसलेत. दोन्हींच्या मधे मोठा काळ गेला. भूशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८७६ साली या दक्षिण मराठा मुलखाचं भूगर्भवर्णन प्रसिद्ध केलं, तेव्हापासून हा भाग अभ्यासकांच्या नजरेत आहे. यल्लम्माच्या डोंगरावर जाणाऱ्या लाखो भाविकांच्या पायाखाली त्याच खोऱ्याचा क्वार्ट्झाइट आहे.

घड्या डोळ्यांना दिसतात, मग यंत्र कशाला?

जिथे दिसतात तिथे आधी डोळ्यांनीच मोजायच्या. क्लीव्हेज (दाबाने आलेल्या, खडक सहज फुटतो त्या पातळ्या), लिनिएशन (खडकातल्या समांतर रेषा), घडीचा आस हे सगळं क्लिनोमीटरने, म्हणजे कल मोजायच्या साधनाने, मोजलेलं नसेल तर एएमएसचा आकडा हवेत तरंगतो. यंत्र उपयोगी पडतं ते दोन ठिकाणी.

पहिलं, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही. घड्यांच्या पट्ट्याच्या कडेला, दाबाने खडकाचा आकार बदलायला नुकती सुरुवात झालेली असते तिथे चिखलदगड अगदी सरळसाधा दिसतो. क्लीव्हेज नाही, चपटे झालेले जीवाश्म नाहीत. तरी आडव्या दाबाची दिशा वीणीत उतरलेली असते. दुसरं, ग्रॅनाइट. ग्रॅनाइट म्हणजे सगळीकडून सारखा दिसणारा ठोकळा. त्यात रेषा शोधून माणूस थकतो, पण बायोटाइटचे पत्रे किंचित एका बाजूला झुकलेले असतात आणि ते यंत्र पकडतं. पिरेनीजमधल्या ग्रॅनाइटच्या मोठमोठ्या पिंडांवर फ्रान्समधल्या तुलूजच्या संशोधकांनी हे वर्षानुवर्षं केलं. शिलारस कसा चढला, चढताना आजूबाजूचा पर्वत दाबला जात होता का, हे त्यातून पुढे आलं.

१९५४ साली जॉन ग्रॅहम यांनी हे माप खडकाच्या वीणीसाठी वापरता येईल असं मांडलं, तेव्हा त्यांचा रोख हाच होता: हाताशी असलेलं साधन कुणी वापरतच नाही.

दाब वाढत जातो तशी वीण कशी बदलते?

हा भाग मला सगळ्यात आवडतो, म्हणून जरा सविस्तर.

गाळ खाली बसतो तेव्हा पत्री कण आडवे पडतात. वरच्या वजनाने आणखी आडवे होतात. त्यामुळे सुरुवातीची वीण चपटी, के३ थराला उभा म्हणजे काटकोनात, आणि के१ थराच्या पातळीत कुठेही विखुरलेला. ही निव्वळ गाळाची वीण.

आता थर अजून आडवेच आहेत, पण बाजूने दाब यायला लागला. घडी पडलेली नाही. अशा वेळी के३ तसाच राहतो, पण के१ थराच्या पातळीतल्या पातळीत वळून दाबाच्या काटकोनात गोळा होऊ लागतो. दाब उत्तर-दक्षिण असेल तर के१ पूर्व-पश्चिम. बाहेरून खडकात फरक शून्य. घड्यांच्या पर्वताच्या कडेला असं वारंवार सापडतं आणि मग दाबाची दिशा नकाशावर एकेक ठिकाणाहून भरत नेता येते.

दाब आणखी वाढला की थराचा चपटेपणा आणि दाबाचा चपटेपणा यांची ओढाताण होते आणि मधेच लंबगोल लांबुळका होतो. खडकही याच टप्प्यावर पेन्सिलीसारख्या कांड्यांत फुटतो. त्यानंतर के३ थर सोडतो, दाबाच्या दिशेला जातो, वीण पुन्हा चपटी होते. पण आता ती क्लीव्हेजची वीण, थराची नव्हे. जुनी खूण पुसली गेली.

म्हणजे टी आधी धन, मग ऋण, मग पुन्हा धन. एकट्या टीकडे बघून हा पहिला धन की शेवटचा हे कळत नाही. के३ थराशी कसा आहे ते बघावंच लागतं. म्हणून थराचा डिप (तो किती अंश कललाय) आणि स्ट्राइक (थरावरची आडवी रेघ कुठल्या दिशेला जाते) न घेता आणलेला नमुना आम्ही परत पाठवतो.

वीण आधी आली की घडी आधी?

थर परत आडवा करून बघायचा, कागदावर. घडीच्या दोन्ही बाहूंवरून नमुने घ्या. प्रत्येक ठिकाणचा थर त्याच्या डिपइतका उलट फिरवून सपाट करा आणि के१ त्याच्याबरोबर फिरवा. सपाट केल्यावर दोन्ही बाजूंचे के१ एका जागी जमले, तर वीण घडीच्या आधीची. उलट फिरवल्यावर विस्कटले आणि आहे त्या स्थितीतच जमलेले होते, तर वीण घडीनंतर किंवा घडी पडता पडता आलेली.

एक अडचण मात्र लक्षात ठेवा. के१ घडीच्या आसालाच समांतर असेल, आणि बहुधा तो तसाच असतो, तर सपाट केल्याने त्याची जागा फारशी हलत नाही आणि चाचणी काही बोलत नाही. मग के३ काय करतो त्यावर भिस्त ठेवायची.

नमुना नेमका कसा काढता?

कोरीव ड्रिलने. लहान पेट्रोल इंजिन, पुढे हिऱ्याच्या कणांची पोकळ बिट आणि बिट थंड ठेवायला हातपंपाने सोडलेलं पाणी. २५.४ मिलिमीटर जाडीची कांडी निघते. प्रयोगशाळेत तिचे २२ मिलिमीटर उंचीचे तुकडे करतात. एका ठिकाणी सहा ते दहा तुकडे तरी हवेत, नाहीतर दिशांच्या विखुरण्याचा अंदाज येत नाही.

कांडी मोडून बाहेर काढायच्या आधी तिच्यावर खूण करायची. हाच सगळ्या कामाचा जीव. कांडी अजून खडकात उभी असते. तिच्याभोवती खाचेची नळी बसवायची, वरच्या पाटीवर होकायंत्र आणि कोनमापक ठेवायचं, कांडी कुठल्या दिशेला आणि किती अंशांनी कलली ते वाचायचं आणि खाचेतून पितळी तारेने कांडीवर रेघ ओढायची. पितळी अशासाठी, की लोखंडी सळई होकायंत्राच्या काट्याला ओढते. मग कांडी बाहेर काढून रेघेवर बाण करायचा, कुठली बाजू खडकात आत होती ते दाखवायला. बाण लगेच करायचा. सात कांड्या ओल्या पोत्यावर एकदम मांडून मग बाण करू म्हटलं, की त्यातल्या एकीचा बाण उलटा होणारच.

वहीत कोन लिहिताना तो कांडीच्या आसाचा आहे की तिच्या काटकोनातल्या पृष्ठाचा, हेही लिहायचं. दोन्हींची बेरीज ९० होते, त्यामुळे चूक झाली तरी आकडा दिसायला ठीकच दिसतो. यंत्राचं सॉफ्टवेअर सुरुवातीलाच हे विचारतं. तेव्हा आठवून सांगण्याची वेळ येऊ नये.

आणि खिशातला मोबाइल. त्याच्या स्पीकरमध्ये चुंबक असतो, कव्हरच्या झडपेत तर हमखास. होकायंत्रावर वाकलेल्या माणसाच्या शर्टाच्या वरच्या खिशात फोन असेल, तर त्या दिवसाच्या नोंदी संपल्या. काळ्या पाषाणावर होकायंत्र तसंही फसवतं, कारण खडकच चुंबकीय. राजहंसगडासारख्या उघड्या माथ्यांवर वीज पडलेली जागा असेल तर काटा वाट्टेल तिकडे जातो. अशा वेळी सूर्याच्या सावलीवरून दिशा काढतात.

ड्रिल नसेल तर?

ठोकळा आणा. सपाट तोंड असलेला दगड निवडा, तो जागेवरून हलवायच्या आधी त्या तोंडावर स्ट्राइकची रेघ, डिपची काडी आणि अंश जलरोधक पेनने लिहा, मग हातोडी लावा. कांड्या प्रयोगशाळेत काढता येतात. पैसा कमी असलेल्या विभागांतून चांगली कामं अशीच होतात. तुकडे कापल्यावर करवतीचं पोलाद दगडाला माखतं, ते पॉलिश कागदाने किंवा सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडने काढून टाका. चुनखडी असेल तर ॲसिड नको, हे सांगायला नको.

यंत्र कसलं असतं?

जगभर बहुतेक ठिकाणी चेकियातल्या ब्रनो शहरात बनलेला कापाब्रिज दिसतो. आत एक गुंडाळी. तिच्यातून प्रत्यावर्ती प्रवाह सोडून काहीशे अँपिअर प्रति मीटरचं क्षेत्र तयार होतं. नमुना तीन काटकोनी पातळ्यांत आळीपाळीने फिरवतात आणि प्रतिसादातला बदल नोंदवतात. एका तुकड्याला काही मिनिटं पुरतात आणि तुकडा जसाच्या तसा राहतो.

आजूबाजूला लोखंड आणि विजेची ढवळाढवळ नको. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवावी लागली होती, तिथल्या नोंदी १९०४ पासून आहेत. आपल्या यंत्राचं तितकं नाजूक नाही, पण लिफ्टशेजारच्या खोलीत ते मांडू नये.

पी जास्त म्हणजे तिथे खडक जास्त दाबला गेला. बरोबर ना?

नाही. आणि या एका गैरसमजाने जेवढे प्रबंध वाया गेले तेवढे यंत्र बिघडल्याने गेले नसतील.

एक उदाहरण आकड्यांनी करू. एका खडकात क्लोराइटमुळे ग्रहणक्षमता अशी आहे: के१ २५, के२ २४, के३ २३ मायक्रो एसआय. पी झाला २५ भागिले २३, म्हणजे १.०९. आता तेच क्लोराइट, तेवढंच, तसंच मांडलेलं, पण क्वार्ट्झचा उणे १४ चा वाटा हिशेबात धरू. क्वार्ट्झ सगळ्या दिशांना जवळपास सारखाच उणे, म्हणून तिन्ही आकड्यांतून १४ गेले. उरले ११, १० आणि ९. पी झाला ११ भागिले ९, म्हणजे १.२२. खडक एका अंशानेही जास्त दाबला गेला नाही आणि पी मात्र उडाला. सरासरी शून्याच्या आणखी जवळ गेली तर पी वाटेल तेवढा मोठा होतो आणि शून्याच्या पलीकडे गेली तर त्याला अर्थच उरत नाही. सौंदत्ती-गोकाकच्या स्वच्छ क्वार्ट्झाइटवर काम करायचं मनात असेल त्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं. अशा खडकात नमुना ठेवायच्या प्लास्टिकच्या धारकाचा स्वतःचा प्रतिसादही वजा करावा लागतो, तोही नमुन्याच्याच तोलाचा असतो.

दुसऱ्या टोकाला मॅग्नेटाइट. खडकात हजारात एक भाग मॅग्नेटाइट असलं तरी त्याचा वाटा साधारण ३,००० मायक्रो एसआय भरतो. अभ्रक-क्लोराइटचा वाटा बहुधा काहीशेच. म्हणजे त्या एका भागाने बाकी ९९९ भागांचा आवाज दाबून टाकला. शेजारच्या थरात मॅग्नेटाइट थोडं जास्त असेल तर पी वाढेल, आणि आपण म्हणणार इथे शिअर झोन (खडक एकमेकांवरून घासत सरकलेला पट्टा) आहे!

म्हणून पी आणि सरासरी ग्रहणक्षमता यांचा आलेख आधी काढायचा. दोन्ही हातात हात घालून वाढत असतील तर पीमधली वाढ बहुधा खनिजांची, दाबाची नव्हे. एकाच प्रकारच्या खडकात, एकाच खनिजाच्या जिवावर, सरासरी ग्रहणक्षमता सारखी असताना पी बदलला तर त्याची तुलना करता येते. क्लिगफील्ड, ओवेन्स आणि लॉरी यांनी १९८१ साली फ्रान्सच्या सागरी आल्प्समधल्या पर्मियन काळातल्या लाल खडकांवर असा संबंध दाखवला, पण तिथे ताण मोजायला खडकातले फिकट ठिपके हे स्वतंत्र साधन हाताशी होतं. तो संबंध उचलून लोंढ्याच्या फायलाइटला लावता येत नाही.

मी विद्यार्थ्यांना सांगतो, दिशेवर विश्वास ठेवा, आकड्यावर संशय. के३ कुठे आहे हे खडक सहसा खरं सांगतो. किती दाबला गेलो हे विचारलं की थापा मारतो.

दिशा तरी नेहमी खरी असते का?

नेहमी नाही. मॅग्नेटाइटचे दाणे फारच बारीक असले, म्हणजे एकाच चुंबकीय प्रांताचे (अख्ख्या दाण्यात चुंबकत्वाची दिशा एकच), तर त्यांची ग्रहणक्षमता लांब बाजूला कमी आणि आडव्या बाजूला जास्त असते. सगळं उलटं. के१ आणि के३ यांची अदलाबदल. टूर्मलीन आणि सिडेराइटही असेच उलटे वागतात. के१ थराला काटकोनात उभा दिसला तर पहिला संशय याचा घ्यायचा, कुठल्यातरी नव्या भूहालचालीचा नंतर.

तपासायला दोनतीन वाटा आहेत. नमुना तापवत जाऊन ग्रहणक्षमता बघायची: ५८० अंश सेल्सिअसला कोसळली तर मॅग्नेटाइट आहे, ६७५ च्या आसपास कोसळली तर हेमॅटाइट. उलट द्रव नायट्रोजनने थंड करून उणे १५३ अंशांपाशी उडी दिसली तरी मॅग्नेटाइटच. मग कृत्रिमरीत्या चुंबकत्व देऊन त्याची दिशावार मोजणी करायची, म्हणजे मॅग्नेटाइटची वीण वेगळी निघते. आणि पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. हे शेवटचं सगळ्यात स्वस्त, आणि तेच लोक टाळतात.

आमच्या परसात जांभा भरपूर आहे. तो चालेल का?

नाही. जांभा म्हणजे मूळ खडक कुजून, धुऊन, नव्याने बनलेली लोहखनिजं. त्याची वीण पावसाची आणि झिरपण्याची, पर्वताची नव्हे. जांभ्याखालचा ताजा खडक गाठावा लागतो. म्हणून आम्ही विहीर खणलेली ऐकली की पळत येतो.

कलादगीच्या घड्यांबद्दल वाद आहे म्हणतात, तो काय?

बागलकोट गटाच्या घड्या बाहेरून आलेल्या आडव्या दाबाने पडल्या, की गाळाचा अख्खा थर खालच्या जुन्या तळखडकावरून गुरुत्वाने घसरला आणि घसरताना चुरमडला, असा तो प्रश्न आहे. घसरण्याची कल्पना अलीकडच्या अभ्यासांतून पुढे आली.

माझ्या मते इथे चुंबकीय वीण निर्णायक साक्षीदार ठरू शकते. थर घसरला असेल तर तळखडकाच्या सीमेलगतच्या शेलमध्ये वीण घट्ट आणि वर जावं तशी सैल सापडायला हवी, आणि खालचे ग्रॅनाइट-शिस्ट आपली जुनी, साधारण उत्तर-वायव्य ते दक्षिण-आग्नेय रोखाची वीण सांभाळून असायला हवेत. तळखडकासकट सगळं दाबलं गेलं असेल, तर पूर्व-पश्चिम खूण खालीही उमटलेली असेल. यासाठी क्वार्ट्झाइट नको, शेल आणि आर्जिलाइट असे चिखलाचे दगड हवेत, आणि सीमा उघडी असलेली जागा हवी. एखाद्याला एम.एस्सी.च्या प्रबंधाला विषय हवा असेल तर हा पडून आहे. रामदुर्ग तालुक्यात घर असेल तर राहण्याचा खर्चही नाही.

भारतात हे काम कुणी करतं का?

करतात की. आयआयटी खरगपूरचे मनीष ममतानी आणि त्यांचे विद्यार्थी यांनी आपल्या शेजारच्या गदग-चित्रदुर्ग पट्ट्यात बरंच काम केलंय. त्याआधी २००५ साली ममतानी आणि ग्रायलिंग यांनी अरवली पट्ट्याच्या दक्षिणेकडच्या गोध्रा ग्रॅनाइटची वीण मोजून दाखवलं, की ग्रॅनाइट घुसत असतानाच आजूबाजूचा प्रदेश दाबला जात होता. डेहराडूनची वाडिया संस्था हिमालयातल्या खडकांवर काम करते. पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेत आणि हैदराबादच्या एनजीआरआयमध्ये (राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था) खडकांच्या चुंबकत्वाच्या प्रयोगशाळा आहेत.

सोनं किंवा पाणी सापडतं का याने?

पाणी नाही. त्यासाठी वेगळी माणसं, वेगळी यंत्रं. सोन्याचं उत्तर थोडं लांबचं आहे: गदगकडचं सोनं क्वार्ट्झच्या शिरांत आहे आणि त्या शिरा खडक जिथे ताणला-फाटला तिथे भरल्या. खडक कसा फाटला हे समजायला वीण मदत करते. पण आमच्या कांडीत सोनं नसतं. तुमच्या बांधातही बहुधा नाही, तेव्हा सातबारा… म्हणजे आपल्याकडचा उतारा, जपून ठेवा आणि कुणी खणून बघू म्हटलं तर नको म्हणा.

मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलो. हे झेपेल का?

झेपेल. यातलं गणित म्हणजे मॅट्रिक्स, आयगेनव्हॅल्यू आणि स्टिरिओनेट (दिशा कागदावर मांडायची गोल जाळी). पहिली दोन बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षात येतात, तिसरं हाताने वीस-पंचवीस वेळा काढलं की बसतं. संगणकावर थेट काढू नका. इंग्रजीची अडचण असते ती वाचनाची, खडकाची नाही. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात भूशास्त्र विभाग आहे, पुण्याला आहे. पुढे आयआयटीसाठी जॅम आणि गेट या प्रवेशपरीक्षा. आणि फील्डवर कन्नड लागतंच. खानापुरात मराठीवर भागतं, रामदुर्गात नाही. चार वाक्यं शिकून जा, चहा तरी वेळेवर मिळतो.

जंगलात जाऊन दगड आणला तर चालतो ना?

नाही चालत. खानापूर तालुक्याचा मोठा भाग राखीव जंगल आहे आणि भीमगड २०११ पासून अभयारण्य. वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय हातोडीसुद्धा काढायची नाही. रेल्वेच्या कटिंगलाही रेल्वेची परवानगी लागते, आणि कॅसलरॉकच्या घाटात परवानगी असली तरी रुळाशेजारी ड्रिलच्या आवाजात गाडी ऐकू येत नाही. एक माणूस फक्त गाडीकडे बघायला ठेवावा. खाजगी खाण किंवा शेत असेल तर मालकाला आदल्या दिवशी भेटून सांगावं, किती भोकं आणि कुठे ते दाखवावं. पाटाच्या दगडाला, देवाच्या दगडाला, म्हसोबाच्या आसपास भोक पाडू नये. भोक इंचभराचंच असतं, पण ते कायम राहतं.

माझ्या रानात उभ्या पाट्यांचा काळा-हिरवट दगड निघालाय. फोटो पाठवला तर सांगाल का?

पाठवा. फोटोत दगडाशेजारी पेन किंवा नाणं ठेवा, म्हणजे माप कळेल. एक फोटो जवळून, एक दहा पावलं मागे सरून. पाट्या कुठल्या दिशेला पसरल्यात ते सकाळी सूर्याकडे तोंड करून सांगा, मोबाइलचं होकायंत्र नको. पाट्या पूर्ण उभ्या आहेत की कललेल्या, आणि कललेल्या असतील तर कुठल्या अंगाला, तेवढं लिहा. दगड फोडू नका, जागेवरून हलवू नका. जेसीबीने आधीच उचलून बांधावर टाकला असेल तर तो आमच्या कामाचा राहिला नाही, पायरीला वापरा.